आयईएलटीएस स्पीकिंग : समानार्थी शब्दांच्या यादीने बँड वाढत नाही

आयईएलटीएस ही परदेशी शिकायला किंवा राहायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. त्यातलं माझं लिसनिंग आणि रीडिंग सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती स्पीकिंगमध्ये, तीही लेक्सिकल रिसोर्स, म्हणजे शब्दसंपत्ती आणि तिचा वापर, या एकाच निकषावर. स्पीकिंगच्या चार निकषांपैकी हा एक, म्हणजे स्पीकिंगचे एक चतुर्थांश गुण इथेच. बँड म्हणजे 9 पर्यंतची गुणश्रेणी, आणि बँड 7 च्या वर्णनात पॅराफ्रेज नीट जमायला हवं असं स्पष्ट म्हटलंय. तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगता यायला हवी.

पुण्यात डेक्कनवरच्या एका क्लासने यासाठी काय दिलं? झेरॉक्स केलेली यादी. गुडऐवजी सुपर्ब, मार्व्हलस, बिगऐवजी लार्ज, ह्यूज, जायगँटिक, लाइकऐवजी रेलिश. पाठ करा, बँड वाढेल, म्हणे. फी भरून मिळालेल्या त्या कागदाचा मला अजून संताप येतो, कारण आधी बरं बोलणारी मुलंसुद्धा ती यादी पाठ करून अडखळायला लागतात.

शब्द एकटा येत नाही, त्याचे सोबती ठरलेले असतात. ट्रॅफिक 'हेवी' असतो, 'लार्ज' नाही. पाऊसही 'हेवी', पण वारा 'स्ट्राँग'. 'माय बिग ब्रदर' म्हणजे थोरला भाऊ. यादी बघून 'माय लार्ज ब्रदर' म्हटलंत की तो जाडा झाला. 'व्हेरी गुड' चालतं, 'व्हेरी मार्व्हलस' कानाला खटकतं. तिथे 'अ‍ॅब्सोल्यूटली मार्व्हलस' लागतं. आणि 'डू यू एन्जॉय कुकिंग?' याला 'येस, आय रेलिश कुकिंग' असं उत्तर रोजच्या बोलण्यात कुणी देत नाही. 'आय ॲम नॉट मच ऑफ अ कुक, बट आय डू मेक पोहे ऑन संडेज' हे कितीतरी सरस, आणि यात एकही अवघड शब्द नाही.

खरी युक्ती वाक्याचा साचा बदलण्यात आहे. कोथरूडमध्ये फ्लॅट परवडत नाही, एवढंच सांगायचंय असं धरा :

'आय कान्ट अफोर्ड अ फ्लॅट इन कोथरूड.'
'अ फ्लॅट इन कोथरूड इज वे आउट ऑफ माय बजेट.'
'देअर्स नो वे आय कुड बाय अ फ्लॅट देअर ऑन माय सॅलरी.'

पहिल्या वाक्यात कर्ता मी, दुसऱ्यात फ्लॅट, तिसऱ्यात 'देअर'ने सुरुवात. शब्द सगळे साधेच. रोज एक मराठी वाक्य घ्यायचं, त्याची अशी तीन रूपं मोठ्याने बोलायची, फोनवर रेकॉर्ड करून ऐकायची. लिहून काढू नका, लिहिलेलं बोलताना पुस्तकी होतं.

शब्द आठवला नाही तर गप्प बसू नका. लाटण्याला 'रोलिंग पिन' म्हणतात हे सुचलं नाही, तर 'द वुडन थिंग वी यूज टु रोल आउट चपातीज' म्हणा. हेही पॅराफ्रेजच, आणि ते तुमच्या बाजूने धरलं जातं.

हो, पासपोर्ट राहिलाच! भारतात या परीक्षेला ओळखपत्र म्हणून तोच लागतो, आधार चालत नाही. मुदत संपत आली असेल तर आधी तिकडे बघा.

आपली काही वाक्यं बाहेर वेगळीच ऐकू जातात. 'आय पास्ड आउट इन 2019' म्हणजे त्या साली मी बेशुद्ध पडलो. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'आय हॅव अ डाउट'ऐवजी 'आय हॅव अ क्वेश्चन'. 'आउट ऑफ स्टेशन'ऐवजी 'आउट ऑफ टाउन'. प्रश्न कळला नाही तर 'कम अगेन?' नको, 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट' म्हणा. पुन्हा विचारल्याने गुण कापत नाहीत. 'किड्स', 'लॉट्स ऑफ' बोलताना खुशाल वापरा, रायटिंगच्या टास्क टूमध्ये, म्हणजे निबंधात, मात्र नको.

फक्त स्पीकिंगच घसरलं तर कॉम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत 'वन स्किल रीटेक', म्हणजे त्या एकाच भागाची फेरपरीक्षा, देता येते. आमच्या क्लासने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

स्पीकिंगच्या पार्ट टूमध्ये कार्डावर दिलेल्या विषयावर एकट्याने बोलायचं असतं, त्याच्या तयारीला 1 मिनिट मिळतं. त्यात वाक्यं लिहीत बसू नका. कार्डावरचा मुख्य शब्द घ्या, तो सांगायच्या दोन वेगळ्या तऱ्हा कागदावर टिपा आणि बोलायला लागा.