चेक डिजिट जुळला, वॅगन जुळेना

भुसावळच्या यार्डात मी ट्रेन्स क्लार्क. जुने लोक नंबर टेकरच म्हणतात. मालगाडी उभी राहिली की कडेकडेने चालायचं आणि यादीतला नंबर वॅगनवरच्या नंबराशी ताडायचा. कोळशाच्या रेकला, म्हणजे एका गाडीत जोडलेल्या अख्ख्या रांगेला, ५८ वॅगन. मे महिन्यात खडीवरून बुटातही चटके बसतात आणि फडकं मारल्याशिवाय ३ आहे की ८ ते कळत नाही.

नंबर अकरा आकडी. पहिले दोन वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग बांधणीचं वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक. अकरावा चेक डिजिट, म्हणजे पडताळणीचा आकडा, आणि तो आधीच्या दहांच्या हिशेबाने येतो. सम स्थानांवरच्या पाच आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, त्यात विषम स्थानांवरचे पाच मिळवायचे. येईल ती बेरीज दहाच्या पुढच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तेवढा चेक डिजिट. एखादाच आकडा चुकला तर हा हिशेब तो पकडतोच. मला हे चालता चालता तोंडी जमतं. नव्या पोरांचा हात आधी मोबाईलकडे जातो.

त्या रात्री माल भरणाऱ्या पार्टीकडून आलेल्या यादीतली एक वॅगन कॉम्प्युटर भलत्याच रेकमध्ये दाखवत होता. जोडीदार म्हणाला, "आप्पा, चेक डिजिट जुळतोय ना? मग कॉम्प्युटरच गंडलाय. सोडा." टेबलावर बसून कॉम्प्युटरला नावं ठेवणं सोपं असतं. मी बॅटरी घेऊन गेलो. वॅगनवर अनुक्रमांक ४६१३, यादीत ४१६३. बाकीचे आकडे तेच, चेक डिजिटही तोच.

यादी दुरुस्त करायला काहीच वेळ लागला नाही, पण डोक्यातून जाईना. आकडे उलटे पडूनही हिशेब गप्प कसा? मेमोच्या पाठीवर मांडलं. १ सम स्थानी, ६ विषम स्थानी: ३ अधिक ६, नऊ. उलट केलं की १८ अधिक १, एकोणीस. शेवटचा आकडा नऊच! शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असला की असंच होणार: ०-५, १-६, २-७, ३-८, ४-९. वेगवेगळ्या आकड्यांच्या ४५ जोड्यांपैकी पाच निसटतात, म्हणजे नवात एक. दुकानातल्या तेरा आकडी बारकोडलाही हीच तिपटीची रीत, म्हणून तिथेही हेच भोक. आधारच्या शेवटच्या आकड्याला मात्र व्हेरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली रीत आहे. तिच्यातून शेजारशेजारची एकही अदलाबदल सुटत नाही. पण ती तक्त्यांवर चालते, खडीवर उभं राहून तोंडी करण्यातली नाही.

जोडीदाराला हे सगळं ऐकवलं. मला वाटलं, वरमेल. त्याने कागद ओढला, म्हणाला, "आणि मधला एक सोडून अलीकडचे-पलीकडचे बदलले तर?"

दोन्ही सम स्थानी, नाहीतर दोन्ही विषम. मग कुठलेही आकडे घ्या, बेरीज हलतच नाही.