तुम्ही विचारलंत म्हणून: कट असलेल्या कॉलेजात मुलीला पाठवायचं का?

एप्रिल आला की मला फोन येऊ लागतात. कुणाच्या हातात दोन कॉलेजांची पत्रं असतात, कुणाच्या एकच. इकडचं तिकडचं बोलून झालं की गाडी मुद्द्यावर येते. "ताई, कॉलेज चांगलं आहे, पण तिथे कट आहे म्हणतात. पाठवू का?" कट म्हणजे प्रवेश दिलेल्या मुलांपैकी काहींना पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्या डिग्रीतून काढून टाकणं. अमेरिकेत वाढलेली आपली काही मुलं आता म्युझिकल थिएटरच्या डिग्रीकडे वळली आहेत. माझी मुलगी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठातून हीच डिग्री घेऊन बाहेर पडली, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. तिच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कट होता. त्यातून ती राहिली. तरीही माझं उत्तर असं आहे: किती मुलं काढायची हा आकडा आधीच ठरलेला असेल, तर पाठवू नका. दुसरं कॉलेज नावाने थोडं कमी असलं तरी तिकडे पाठवा.

आपल्याकडच्या आईवडिलांचा पहिला समज असतो की नापास होणाऱ्यांना काढत असतील. इंजिनिअरिंगला विषय राहिला, एटीकेटी लागली, वर्ष गेलं, हे आपल्याला कळतं. त्यात पेपर असतो, मार्क असतात, रिव्हॅल्युएशनचा अर्ज असतो. कटचं तसं नाही. सगळ्या विषयांत ए मिळवलेली मुलगीसुद्धा कटमध्ये जाऊ शकते. ही डिग्री म्हणजे बीएफए, बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, चार वर्षांची व्यावसायिक डिग्री. तिची जवळजवळ दोन तृतीयांश क्रेडिट्स गाणं, अभिनय, बॅले, जॅझ, टॅप यांचीच असतात. दर सेमिस्टरच्या शेवटी ज्युरी होते, म्हणजे सगळे शिक्षक समोर बसतात आणि विद्यार्थ्याने गाऊन, करून दाखवायचं. कट असलेल्या ठिकाणी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हेच शिक्षक बंद खोलीत बसून पुढे कोण जाणार ते ठरवतात. मग पत्र येतं. त्या पत्रात कारण असेलच असं नाही.

ही पद्धत कुठल्या कोपऱ्यातल्या कॉलेजाने काढलेली नव्हे. न्यूयॉर्कच्या जुलियार्डचा नाट्यविभाग १९६८ मध्ये जॉन हाउसमन यांच्या हाताखाली सुरू झाला. तिथे अनेक वर्षं कट होता. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाच्या थिएटर स्कूलमध्ये पहिल्या वर्षानंतर अभिनयाच्या वर्गातली बरीच मुलं कमी करत, आणि त्यासाठी ते स्कूल देशभर प्रसिद्ध होतं. पुढे दोन्ही ठिकाणी कट बंद झाला. ज्यांनी ही पद्धत इतकी वर्षं चालवली त्यांनीच ती सोडली, आणि त्यामुळे त्यांच्या नावाला काही बट्टा लागला नाही. शिस्तीसाठी कट लागतोच असं कुणी सांगितलं तर या दोन संस्थांकडे बोट दाखवा.

जुलियार्डच्या त्या पहिल्याच तुकडीत ब्रॉडवेच्या नामवंत गायिका-अभिनेत्री पॅटी ल्युपोन होत्या. शिक्षकांना आपला फारसा भरवसा नव्हता, आपण सोडून जावं म्हणून आपल्यावर नाना तऱ्हेच्या भूमिका टाकल्या गेल्या, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्याच भूमिकांनी त्या घडल्या. पुढे त्यांना तीन टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या रंगभूमीचे सर्वांत मानाचे पुरस्कार, मिळाले. प्रत्येक मुलात ल्युपोन दडलेली असते असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या कलावंताबद्दल उत्तम शिक्षकांचाही अंदाज कसा चुकू शकतो, ते यात दिसतं. मी स्वतः लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकले आहे, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत तर मी हे ठामपणे सांगेन. अठराव्या वर्षी गळा तयार झालेला नसतो. विशीच्या मध्यापर्यंत, काही आवाजांत त्याहूनही पुढे, तो भरत जातो. मोठ्या, खालच्या पट्टीच्या आवाजांना सर्वांत जास्त वेळ लागतो. म्हणजे ज्यांचा आवाज पुढे दमदार होणार, त्यांचाच दुसऱ्या वर्षी कच्चा वाटण्याचा संभव जास्त.

आता प्रवेश कसा मिळतो ते बघा, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल. शाळेच्या शेवटच्या वर्षी सप्टेंबरच्या आसपास प्रीस्क्रीनचे व्हिडिओ पाठवायचे: दोन वेगवेगळ्या धाटणीची गाणी, एखादा मोनोलॉग, नाच. त्यातून चाळून ऑडिशनला बोलावतात. जानेवारीच्या अखेरीपासून युनिफाइड ऑडिशन्स, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकाच ठिकाणी ऑडिशन्स, होतात, न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसला. शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात त्या दिवसांत मजल्यामजल्यावर मुलं आवाज गरम करत उभी असतात आणि आईबाप कोट सांभाळत बसलेले असतात. नावाजलेल्या कॉलेजाकडे शेकड्यांनी, काहींकडे हजारावर अर्ज येतात. वर्गात घ्यायची असतात वीसेक मुलं. इतक्या चाळण्यांतून मूल आत येतं. एवढं बघूनही कॉलेजाला खात्री वाटत नसेल, तर ती अनिश्चितता कॉलेजाने सोसावी. पंचवीस घ्यायचे आणि सोळा ठेवायचे असं आधीच ठरलेलं असेल, तर उरलेल्या नऊ जणांच्या फीवर पहिली दोन वर्षं चालतात. मला तरी याला दुसरं नाव सुचत नाही.

आणि काढलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हे प्रवेशाच्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही. पत्र येतं मे महिन्यात. दुसऱ्या कॉलेजांच्या ऑडिशन्स फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलेल्या असतात, म्हणजे त्या वर्षीचं दार बंद. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तरी स्टुडिओची क्रेडिट्स नवं कॉलेज सहसा तशीच्या तशी धरत नाही. बॅलेची दोन वर्षं झालेली असली तरी आमच्या पहिल्या वर्षापासून या, म्हणतात. बऱ्याच मेरिट स्कॉलरशिप शाळेतून थेट येणाऱ्यांसाठी असतात, ट्रान्सफरने येणाऱ्याला त्यातलं थोडंच मिळतं. भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेलं मूल असेल तर आणखी पंचाईत, कारण पूर्णवेळ प्रवेश टिकवल्याशिवाय राहता येत नाही. माझ्या मुलीच्या रूममेटचं असंच झालं. कटनंतर ती दुसऱ्या राज्यात बीएला गेली आणि डिग्रीला सहा वर्षं लागली. कर्ज किती वाढलं ते तिच्या आईने मला सांगितलं होतं. तो आकडा मी इथे लिहिणार नाही.

पण मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच, आणि ते राहिलेल्या मुलांबद्दल आहे. पहिल्या वर्षी माझी मुलगी फोनवर सांगायची, आज क्लासमध्ये असं गाणं घेतलं की पार फसलं, सगळे हसलो. दुसऱ्या वर्षी हे थांबलं. जे येतं तेच ती गाऊ लागली. वरच्या सुराला आवाज फुटेल अशी भीती असलेलं गाणं तिने ज्युरीच काय, साध्या क्लाससाठीही निवडणं सोडलं. आजारी असताना ती नाचाच्या तासाला गेली, कारण गैरहजेरी कुणीतरी लक्षात ठेवेल. मैत्रिणीचं काम चांगलं झालं की आपल्याला आनंद होत नाही, हे तिने एकदा रडत सांगितलं. ज्या काळात मुलांनी धडपडायचं, वाईट दिसायचं, पडून उठायचं, तोच काळ त्यांनी स्वतःला जपण्यात घालवला. कट झाल्यावर तिसऱ्या वर्षी ती पुन्हा मोकळी व्हायला लागली, असं तिचे शिक्षकही म्हणाले. मग मधलं वर्ष कशासाठी गेलं?

यावर एक उत्तर हमखास मिळतं: हा धंदाच असा आहे, रोज नकार पचवावा लागतो, मग आत्तापासून सवय झालेली बरी. मला हे पटत नाही. ऑडिशनमधला नकार एका भूमिकेपुरता असतो. संध्याकाळी दुसऱ्या ऑडिशनला जाता येतं. कट शिकण्यालाच नकार देतो. शिवाय ऑडिशनला जाणारा नट निर्मात्याला फी भरत नाही. आपल्या संगीत नाटकांच्या मंडळ्या आठवा. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले. त्या काळी पोरं कंपनीतच राहत, तिथेच जेवत, तिथेच त्यांना तालीम मिळे. आवाज फुटला की बऱ्याच मुलांच्या स्त्रीभूमिका जात, आणि तो काळ काही दयाळू नव्हता. पण कंपनी त्यांना पोसत होती, त्यांच्याकडून वर्षाला हजारो डॉलर घेत नव्हती. धंद्याचा नियम लावायचा असेल तर धंद्यासारखे पैसेही द्यावे लागतील.

कटच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी गंभीरपणे घेते. ज्या मुलाला हे जमणार नाही असं शिक्षकांना स्पष्ट दिसतंय, त्याला चार वर्षं गोड बोलून ठेवून घेणं आणि शेवटच्या वर्षी न्यूयॉर्कच्या शोकेसमध्ये, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या एजंटांसाठीच्या कार्यक्रमात, उभं करणं, हाही अन्यायच आहे. खरं आहे. अशी कॉलेजंही आहेत. पण त्यावरचा उपाय म्हणजे वेळेवर सांगणं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस समोर बसवून, लेखी सांगा: तुझं हे कमी पडतंय, अमुक महिन्यांत एवढं दिसलं पाहिजे, नाहीतर याच विद्यापीठातल्या बीएला तू क्रेडिट्ससकट जाऊ शकतेस. निर्णय तिला घेऊ द्या. तासाला न येणारा, सोबतच्या विद्यार्थ्याला इजा करणारा, प्रोबेशनवर ठेवूनही न सुधारणारा असेल तर त्याला काढावंच. त्याला माझा विरोध नाही. तिथे नियम आधी माहीत असतो आणि तो सगळ्यांना सारखा असतो. सगळ्यांनी नियम पाळले तर सगळे राहू शकतात. आकड्याच्या कटमध्ये सगळ्यांनी उत्तम काम केलं तरी काही जण जाणारच.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण घरोघरी ती हळू आवाजात बोलली जाते. या क्षेत्रात टाइप पाहतात: चेहरा, अंगयष्टी, रंग. वर्गातून कुणाला ठेवायचं हे ठरवताना "हिला पुढे काम कुठे मिळेल" हा विचार त्या बंद खोलीत होतो, कधी उघडपणे, कधी न बोलता. सावळ्या मुलीसाठी कुणी भूमिकाच कल्पिलेली नसेल तर उत्तर आधीच ठरलं. सगळे शिक्षक असे असतात असं नाही. माझ्या मुलीच्या पाठीशी ठाम उभे राहिलेले शिक्षक मला माहीत आहेत. पण कारण न देता काढण्याची मुभा असली की असा विचार पकडता येत नाही, म्हणून लेखी निकष मागायचे.

तर कॉलेजाला काय विचारायचं? "तुमच्याकडे कट आहे का?" एवढंच विचारू नका. "नाही, आमच्याकडे फक्त रिव्ह्यू, म्हणजे प्रगतीचा आढावा असतो," असं उत्तर येईल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. आज शेवटच्या वर्षात किती विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या पहिल्या वर्षी किती होते, ते विचारा. मधले कुठे गेले, ते विचारा. सोडून गेलेल्यांत स्वतःहून किती आणि सांगून किती, हे विचारलं की बोलणाऱ्याचा सूर बदलतो का ते ऐका. वर्षाच्या निर्मितीत प्रत्येकाला भूमिका मिळते का, तेही विचारा. कारण काही ठिकाणी कट नसतो, पण तीन वर्षं एकदाही स्टेजवर न आल्याने मूल आपोआप निघून जातं. रिव्ह्यूमध्ये अडलं तर दुसरी संधी कधी मिळते, स्कॉलरशिपचं काय होतं, बीएला वळलं तर किती क्रेडिट्स चालतात, हे ईमेलवर मागून घ्या. तोंडी आश्वासन पुढे कुणाला आठवत नाही. आणि हे सगळं शक्यतो मुलीनेच विचारावं. अठरा वर्षं पूर्ण झाली की १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने तिच्या नोंदींचा हक्क तिचा असतो. नंतर तुम्ही फोन केलात तर कॉलेज तुमच्याशी बोलणारही नाही.

शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी तिची गाठ घालून द्या. प्रवेशाच्या दिवशी पुढे उभा केलेला नको, तिने स्वतः शोधलेला हवा. दुसऱ्या वर्षी शेवटची एखादी अवघड गोष्ट कधी करून बघितलीस, असं तिने त्याला विचारावं. बहुतेक ठिकाणी उत्तर कळवायची मुदत १ मेपर्यंत असते. तेवढ्यात हे सगळं होतं.