तुम्ही विचारलंत म्हणून: कम्प्युटरचीच डिग्री पाहिजे काय?

बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन येतात, आणि प्रश्न ठरलेला. “भाऊ, पोट्टीले कम्प्युटर इंजिनिअरिंगलेच टाका लागते, का साध्या बीएस्सीवरबी सॉफ्टवेअरमंदी नोकरी लागते?” मी दारव्हा तालुक्यातला, नागपुरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, आणि माझी बीएस्सी गणिताची. म्हणजे हा ‘डिग्रीचं काही नसते’ म्हणेल, असं विचारणाऱ्याला वाटतं. मी तसं म्हणत नाही.

डिग्री पाहिजे. कम्प्युटरचीच पाहिजे असं नाही, पण पाहिजे, आणि आपल्याकडच्या पोरांना ती शहरातल्या पोरांपेक्षा जास्त पाहिजे. ‘आजकाल स्किल पाहतात’ हे ऐकवणाऱ्यांच्या पोराचा बायोडेटा बहुतेक वेळा कोण्या मामा-काकाच्या ओळखीनं थेट मॅनेजरपर्यंत जातो. आपला जातो पोर्टलवरून, म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म भरून. मोठ्या कंपन्यांच्या भरतीत तिथं आधी गाळणी लागलेली असते: दहावी, बारावी, पदवी, बहुतेक ठिकाणी तिन्हींत ६० टक्के, बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय नको, मध्ये लांब गॅप नको. तिथं अडकलेल्या पोरानं लिहिलेला प्रोग्रॅम कोणी उघडूनही पाहत नाही.

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करणारे डेनिस रिची भौतिकशास्त्र आणि गणित शिकले होते, हे उदाहरण मला नेहमी ऐकवतात. खरंच आहे. पण ते शिकले हार्वर्डात, कामाला लागले बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या नावाजलेल्या संशोधन संस्थेत, आणि त्यांचे वडीलही तिथलेच शास्त्रज्ञ. दारव्ह्याच्या पोराला हे उदाहरण कसं लागू करायचं ते सांगणाऱ्यानं सांगावं.

आता ‘कम्प्युटरचीच’चं. बीएस्सी, बीसीए (कम्प्युटरचीच, पण इंजिनिअरिंग नसलेली पदवी) वाल्यांनाही मोठ्या कंपन्या घेतात. विप्रोच्या एका योजनेत तर ही पोरं नोकरी करता करता एमटेक करतात. सुरुवातीचा पगार इंजिनिअरपेक्षा कमी असतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे एमसीए, म्हणजे कम्प्युटरची पदव्युत्तर पदवी, करता येतं, ते २०२० पासून दोनच वर्षांचं झालं आहे. चार-पाच वर्षं काम केल्यावर पदवी कशातली होती हे फारसं कोणी विचारत नाही, कोणतं सॉफ्टवेअर बनवलं ते विचारतात. परदेशाचा विचार असेल तर मात्र पदवी पुन्हा पुढे येते. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नियमात पदवीचं एक वर्ष कमी असेल तर त्याबदली तीन वर्षांचा अनुभव धरतात. पदवीच नसेल तर चार वर्षांचे बारा होतात!

म्हणून मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटसाठी वावर विकू नका. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर इंजिनिअरिंग जरूर करा. पण जिथली लॅब परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडते, अशा ठिकाणी लाखो रुपये ओतून पोर जे शिकेल ते तालुक्याच्या कॉलेजातही शिकेल.

डिग्री दुसरी घेतली म्हणून विषय मात्र सुटत नाहीत. डेटा स्ट्रक्चर (माहिती कशी मांडून ठेवायची ते), ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क हे चार तरी करावेच लागतात. का, ते पाहा: दहा लाख शेतकऱ्यांच्या यादीत एक नाव शोधायचं असेल आणि यादी क्रमानं लावलेली असेल, तर दर वेळी निम्मी यादी बाद करत वीसेक पायऱ्यांत ते सापडतं. क्रम नसेल तर दहा लाखही नावं तपासावी लागतील. पन्नास नावांवर दोन्ही प्रोग्रॅम सारखेच पळतात, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर फरक कळतच नाही. यूट्यूब पाहून वेबसाइट बनवणारी हुशार पोरं मुलाखतीत इथंच गप्प होतात. हे सगळं एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून फुकट शिकता येतं. आयआयटी मद्रासचा बीएस हा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमही आहे, त्याला जेईई लागत नाही, आणि तो दुसऱ्या पदवीसोबत करता येतो.

तर तुमच्या पोरीचं. बीसीएला महाराष्ट्रात २०२४ पासून सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. ती दिली नसेल तर जीव जाळू नका, बीएस्सीला टाका, फक्त गणित सोडू देऊ नका. फीचे पैसे वाचतील त्यातून लॅपटॉप घ्या, मोबाइलवर प्रोग्रॅमिंग नीट होत नाही. बाकी तिला हे काम आवडेल का, ते तुमच्याशी बोलून मला कळणार नाही. फोन तिच्याकडे द्या.