ताईच्या गावात कुकरला बंदी

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून न्यूमन, म्हणजे ताईचं खाणींचं गाव, जवळजवळ १,२०० किमी. खाणीत कामाला जाणारे बरेचजण विमानानंच ये-जा करतात. आम्ही कॅरॅव्हॅन (गाडीला जोडायचं फिरतं घर) मागे जोडून ग्रेट नॉर्दर्न हायवेला लागलो, कारण ताईची (माझी मोठी मावसबहीण) यादी विमानात मावणारी नव्हती. ज्वारीचं पीठ, जाडे पोहे, गोडा मसाला, आणि खाली ठळक अक्षरांत: 'मावशीला घेऊन ये.' म्हणजे माझ्या आईला.

या रस्त्यावर खरा धाक रोडट्रेनचा. साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीचे ट्रक. समोरून एक गेला की कॅरॅव्हॅन आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. रेडिओ चॅनल चाळीसवर लावून ठेवायचा, ट्रकवाले तिथेच बोलतात. मीकाथारा गावाच्या पुढे एकदा 'रस्त्यावरून खाली उतरा' असा निरोप आला आणि खाणीच्या डंपरचा हौदा अख्खा रस्ता व्यापून समोरून आला. आई म्हणाली, "गणपतीची मिरवणूक बरी, निदान नाचत तरी येते."

मकरवृत्ताची पाटी गेली की न्यूमन आलंच. ज्या ईस्ट पिलबरा शायरचं (शायर म्हणजे आपल्या तालुक्यासारखा स्थानिक कारभाराचा विभाग) कार्यालय इथे आहे, ती आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठी आहे. आणि गावात बघायला? रेडिओ हिलवर चढलं की एका नजरेत सगळं संपतं. पलीकडे माउंट व्हेलबॅक. देवमाशाच्या पाठीसारखा डोंगर होता म्हणून हे नाव, आता तिथे लोखंडाच्या खाणीचा पाच किमीहून लांब खड्डा आहे. ते लोखंड ४२६ किमीच्या रेल्वेनं पोर्ट हेडलंडच्या बंदरात जातं.

उरलेलं ताईच्या घरात येतं. लाल धूळ, आपला गेरूच तो! भाऊजींचे नारिंगी शर्ट ती वेगळ्या बादलीत भिजवते, पहिलं पाणी बघून आईनं "काय हो, लागलं का कुठे?" असं घाबरून विचारलं होतं.

पण खरी गंमत पाळीची. भाऊजींची रात्रपाळी चालू होती, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. बेडरूमच्या काचांना आतून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवलेली, भर दुपारी आत मिट्ट काळोख. आम्ही सगळे कुजबुजत बोलायचो. आईला कुजबुजता येत नाही, त्यामुळे ती खुणा करायची. अकरा वाजता तिनं वरणभाताचा कुकर चढवला, तर ताई अक्षरशः धावत आली. "मावशी, शिट्टी नको! कॅरॅव्हॅनमध्ये लाव." कुकर घेऊन आम्ही बाहेर. गॅस पेटवणार, तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून हात जोडल्यासारखं करत आली. तिचाही नवरा रात्रपाळीला. शेवटी भात पातेल्यात झाला, आणि डाळ शिजेस्तोवर अडीच वाजले.

आईला कौतुक वाटलं ते ताईच्या कढीपत्त्याचं. चांगलं छातीएवढं झाड, पण कुंडीत. "जमिनीत लाव की गं, केवढं वाढेल."

"घर कंपनीचं आहे, मावशी. नोकरी गेली की घर गेलं. कुंडी उचलता येते."

मला हे गावात सगळीकडे दिसलं. दारात बोटी, ट्रेलर, आमच्यासारख्याच कॅरॅव्हॅन, सगळं चाकांवर. लोक 'खाणीत काय पगार मिळतो' एवढंच विचारतात. ताईला मुलीच्या अकरावी-बारावीसाठी पर्थला बिऱ्हाड करावं की इथेच राहावं, याची चिंता जास्त आहे. तो हिशेब पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

भाऊजींची सुट्टी लागली त्या सकाळी ते अंघोळ करून थेट नाश्त्याला बसले. आई म्हणाली, "आता झोपा जरा." ते म्हणाले, "झोपलो तर सुट्टीचा दिवस बुडतो. चला कॅरिजिनीच्या राष्ट्रीय उद्यानात, वाटेत गाडीत झोपतो." झोपलेही, घोरत. ताईनं मागच्या सीटवरून आईला सांगितलं, "आता बोल मोठ्यानं."