डब्याआधीची वीस मिनिटं

"मॅडम, कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली. मग अजून मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं हात धुण्यात कशाला घालवता?"

पालकसभा झाली की कुणीतरी हे विचारतंच. शाळा व्यवस्थापन समितीतले एक दादा दरवर्षी विचारतात, बदलून आलेल्या नव्या सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, आणि दिवाळीला जाऊबाईंनीही विचारलं. उभ्याउभ्या मी "आता सवय झाली हो" एवढंच म्हणते. ते उत्तर पुरं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगते.

आमची शाळा नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, आत एका गावात. जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. पट १६८. सात शिक्षक, शिपाई नाही, त्यामुळे वर्ग उघडण्यापासून झाडण्यापर्यंत सगळं आमचं आणि मुलांचं. गंगापूर धरण हाकेच्या अंतरावर आहे, नाशिक शहर मुख्यतः त्याचंच पाणी पितं, पण आमच्या शाळेची टाकी भरते बोअरवर, आणि बोअरची मोटर चालते लाईट असेल तेव्हा. हे आधी सांगितलं कारण पुढचं सगळं या टाकीभोवतीच फिरतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या पहिल्या वर्षाबद्दल फार सांगत नाही. तांदूळ-डाळीचा शिधा पालकांना मोजून दिला, ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्या फोनवर अभ्यास पाठवला, ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या वाडीवर जाऊन वह्या तपासल्या. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणाला ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलो. घरी आले की मागच्या दाराने थेट न्हाणीत जायचं, कपडे गरम पाण्यात टाकायचे, मगच सासऱ्यांच्या खोलीपुढून जायचं. माझ्यासारख्या हजारो शिक्षकांचं ते वर्ष असंच गेलं.

मग २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग उघडायला राज्याने परवानगी दिली. आमच्याकडे पाचवी ते सातवीची ७४ मुलं. एका बाकावर एक, एक दिवसाआड निम्मी, म्हणजे दिवसाला ३७. नळ तीन. साबण लावून नीट चोळून हात धुवायला एका मुलाला मिनिट लागतं, म्हणजे तेरा मिनिटांत रांग संपायची. जमलं. दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागलं, ४ ऑक्टोबरला मोठी मुलं परत आली, तेव्हाही जमलं.

खरी परीक्षा डिसेंबर २०२१ मध्ये आली. १ डिसेंबरपासून पहिलीपासूनचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली. आदल्या संध्याकाळी मोठ्या बाई आणि मी नळापाशी उभ्या राहून हिशेब करत होतो. १६८ भागिले तीन, छप्पन्न. छप्पन्न मिनिटं! आणि मधली सुट्टी चाळीस मिनिटांची. म्हणजे सगळ्यांनी नियमाप्रमाणे हात धुतले तर शेवटच्या तिघा-तिघांच्या सोळा फेऱ्यांना डबा उघडताच येणार नव्हता.

तिथे मी गप्प झाले. मनात आलं ते कोरोनाबद्दल नव्हतंच. तेव्हा माझ्या नोकरीला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं मी 'जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत' हे शिकवत होते. भिंतीवर तक्ता होता. चाचणीत रिकाम्या जागा भरा म्हणून विचारत होते, बरोबर लिहिलं की गुण देत होते. आणि सुट्टी झाली की तीच मुलं नळावर झुंबड करायची, पुढची दहा-बारा मुलं हात ओले करायची आणि बाकीची चड्डीला पुसून डबा उघडायची. साबण तर नसायचाच. जी गोष्ट मुलांना करायला जागाच दिली नव्हती, तिची मी त्यांच्याकडून परीक्षा घेत होते. 'मुलांना सवय नाही, घरी कुणी लावत नाही' असं आम्ही शिक्षकखोलीत किती सहज म्हणायचो. सवय लावायला पाणी, साबण आणि वेळ लागतो. या तीनपैकी आम्ही एकही दिलं नव्हतं.

उपाय फार मोठा नव्हता, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या, पैशांतून आणि थोडे आम्ही घालून वीस फुटी पीव्हीसी पाइप आणला. गावातल्या प्लंबरदादांनी तो मुलांच्या कमरेच्या उंचीला आडवा बसवला, खालच्या बाजूने बारा भोकं पाडली, एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला कॉक. कॉक एकच, तो सातवीतल्या मुलाच्या हाती. तो उघडतो, बारा जणांचे हात ओले होतात, तो बंद करतो. साबण चोळून झाला की पुन्हा उघडतो. बादल्या लावून मोजलं तर एका मुलामागे लिटरभरच पाणी लागलं. सुट्या नळाला मूल साबण चोळतं तेव्हा पाणी वाहतच राहतं, इथे ते वाहत नाही. बारा-बारांच्या चौदा फेऱ्या, मधल्या हालचालीसह वीस मिनिटं. सुट्टीतली दहा, आणि त्याआधीच्या तासिकेतली दहा. तुम्ही ज्या वीस मिनिटांबद्दल विचारता, ती ही.

साबणाचीही एक कथा आहे. वडी ठेवली की कावळा पळवायचा. खरंच, आमच्या कडुलिंबावरच्या कावळ्यांनी पहिल्या आठवड्यात पाच वड्या नेल्या. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीचे तुकडे करून वड्या त्यात बांधून पाइपाला टांगल्या. जाळीमुळे फेसही चांगला येतो आणि वडी पाण्यात विरघळत बसत नाही.

किती वेळ चोळायचं? किमान वीस सेकंद. पहिलीच्या मुलाला सेकंद कसे कळणार? म्हणून पाढे लावले. पहिली-दुसरीला बेचा पाढा दोन वेळा. चौथीला बाराचा. सातवीला एकोणिसाचा, एकदाच, पण अडखळला तर पहिल्यापासून. "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न," असा गजर रोज त्या पाइपापाशी चालतो. ज्या दादांना वाटतं की अभ्यासाचा वेळ वाया जातो, त्यांच्या मुलाला एकोणिसाचा पाढा तिथेच पाठ झालाय.

आता त्या काळातलं जे चुकलं, तेही सांगायला हवं. आम्ही बाकांवर किती मेहनत घेतली! सोडियम हायपोक्लोराइटने सकाळ-संध्याकाळ बाकं पुसायची, हाताची कातडी सोलायची, वर्गात डोळे चुरचुरायचे. पुढे स्पष्ट झालं की हा विषाणू मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतो, वस्तूंवरून कमी. आणि आमच्या तिसरीच्या वर्गाची एक खिडकी कित्येक वर्षं रंगाने चिकटून बंद होती, दुसरीपुढे पोषण आहाराच्या कागदांचं कपाट! कपाट हलवलं, पटाशीने खिडकी मोकळी केली, तेव्हा वर्गात वारा आला. त्या वारा येण्याला पैसा लागला नाही. तापमापकाच्या पिस्तुलाचंही तसंच. ऑक्टोबरच्या उन्हातून दोन किलोमीटर चालत आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलंच असणार, पण पहिल्या दिवशी आम्ही दोघांना घरी पाठवलं. ती ताप नसलेली मुलं रडत परत गेली. नंतर सगळ्यांना आधी दहा मिनिटं ओसरीत सावलीला बसवून मग मोजायला लागलो.

आणि मास्क. जून २०२० मध्ये पहिलीला दाखल झालेली मुलं शाळेत पहिल्यांदा आली ती डिसेंबर २०२१ मध्ये, दुसरीची म्हणून. अक्षरओळख नव्हती. मी मास्क लावून 'प' म्हटलं की कुणी 'ब' लिहायचं, 'भ' म्हटलं की 'फ'. दोन दिवस मला वाटलं मुलांना ऐकू कमी येतंय. मग उमगलं. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं, आणि माझे ओठ कापडामागे. लहान मूल अक्षर कानाने शिकतं तेवढंच बाईंच्या तोंडाकडे बघूनही शिकतं, हे डीएडला असताना कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्ग लिंबाखाली नेला, मुलांपासून चांगली दहा-बारा फूट लांब उभी राहिले, मास्क काढला आणि पाच अक्षरं खणखणीत म्हटली. मुलं माझ्या तोंडाकडे अशी टक लावून बघत होती! कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी मला पूर्ण चेहऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला दात पुढं हायेत." पाचही अक्षरं त्या दिवशी बसली.

एक नियम मी पाळला नाही, तोही सांगते. डबा वाटून खायचा नाही, असा नियम होता. तेव्हा खिचडी शिजत नव्हती, शिधा घरी जायचा. चौथीतली एक मुलगी रोज डबा न आणता यायची. आई पहाटेच द्राक्षबागेत कामाला, घरी भाकरी झालेली नसायची. एरवी अशा मुलीच्या पुढ्यात चार डब्यांतलं चार घास आपोआप येतात, कुणाला सांगावं लागत नाही. नियमाने तेच थांबवलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसायची, इतरांना आपलं तोंड दिसू नये म्हणून. तिसऱ्या दिवसापासून मी घरून दोन डबे आणले. नंतर एक दिवस मुलांनीच, हात धुऊन आल्यावर, आपापल्या डब्याच्या झाकणात तिच्यासाठी घास काढून सरकवले. मी पाहिलं आणि वहीत डोकं घातलं. धुतलेल्या हातांनी दिलेला घास होता तो. त्यापुढे मला काही म्हणायचं नव्हतं.

एप्रिल २०२१ नाशिककर विसरणार नाहीत. २१ तारखेला शहरातल्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि किमान बावीस रुग्ण गेले. त्याच महिन्यात आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, एक गुरुजी गेले. निवृत्तीला दीड वर्ष होतं. शाळेत साबण ठेवा, असं केंद्रसभेत कोरोनाच्या कितीतरी आधीपासून सांगणारे ते एकटे. त्यांच्या शाळेत खिडकीत वडी असायची, आणि आम्ही त्यांना 'साबणवाले गुरुजी' म्हणायचो, हसून. त्यांच्या घरी भेटायला जाण्याचीही तेव्हा सोय नव्हती.

गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला, राज्यातले निर्बंध उठले. मास्क सुटले, पिस्तूल कपाटात गेलं, बाकांवर पुन्हा दोन-दोन मुलं आली. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा शिक्षकसभेत हाच विषय निघाला: पाइपाचं काय करायचं? कोरोनासाठीच तर बसवला होता. मी म्हटलं, जरा ऑक्टोबरपर्यंत थांबू.

ऑक्टोबरपर्यंत का, ते आमच्या भागातल्या माणसाला कळेल. तेव्हा टोमॅटोचा हंगाम असतो. गिरणाऱ्याच्या बाजारात जाळ्यांच्या रांगा लागतात, आणि पाचवीच्या पुढची मुलं सकाळी तासभर घरच्यांबरोबर तोडणीला जाऊन मग शाळेत येतात. टोमॅटोच्या पाल्याने हात हिरवे-काळे होतात, नुसत्या पाण्याने तो डाग हलत नाही. त्याच पाल्यावर दोन-चार दिवसांपूर्वी औषध मारलेलं असतं. त्या हातांनी मुलं भाकरी मोडायची, अठरा वर्षं, माझ्यासमोर. त्या ऑक्टोबरात मी पाइपापाशी उभी राहिले आणि सातवीच्या मुलांच्या हातांवरून पिवळा-हिरवा फेस खाली जाताना सगळ्या शिक्षकांना दाखवला. पाइप काढायचा विषय तिथेच संपला.

शिवाय पोटाचं आहेच. जंतनाशक दिनाला आम्ही मुलांना गोळी देतो, समोर चावून खायला लावतो, नोंद करतो. पण गोळी पोटातले जंत मारते, नखातली माती काढत नाही. साबणाने हात धुतल्याने जुलाबाचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी होतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलंय. माझ्यापुरतं सांगायचं तर पावसाळ्यात 'पोट बिघडल्यामुळे शाळेत येऊ शकला नाही' अशा चिठ्ठ्या पूर्वी आठवड्याला दोन-तीन यायच्या, आता महिनाभरात एखादी येते.

तर दादा, आणि नवे सर, आणि जाऊबाई, ती वीस मिनिटं कोरोनाची नव्हेतच. ती आधीपासून मुलांची होती, आम्ही द्यायला उशीर केला. तुम्ही एकदा पावणेएकला या आणि त्या पाइपापाशी उभे राहा. आणि येणारच असाल तर एक कामही आहे. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने चौथं आणि नववं भोक बुजलंय, टाचणीने टोकरून आता निघत नाही. त्या दोन जागांवरची मुलं शेजारच्याच्या धारेत हात घालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाइप बदलायचाय, या वेळी पंचवीस फुटी आणि पंधरा भोकांचा.