ओवी कुणाची

रात्रीचे साडेअकरा झालेत, पोरगी आत्ता कुठे झोपली.

आज माझ्या मैत्रिणीचा मेसेज आला. साडेपाच महिन्यांनी. "रविवारी बारसं हाय. नाव ओवीच ठेवणार, तुला काय वाटायचं ते वाटू दे." बारशाला ये असं काय लिहिलेलं नाही. आधी डोकंच फिरलं, बेळगावच्या शहापुरात आमची घरं दोन गल्ल्या सोडून, पोरी उद्या एकाच बालवाडीत जाणार, तिथं काय थोरली ओवी धाकटी ओवी म्हणायचं? नवऱ्याला दाखवलं तर म्हणतोय, नावाचा काय उतारा असतोय काय तुझ्या नावावर, ठेवू दे की.

उतारा नाही, पण असता तर तिच्याच नावावर निघाला असता. नववीत दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या आजीकडं गेलेले, खानापूरकडं. आजी पहाटे नाचणी दळत ओव्या म्हणायची, आम्ही पण हौसेनं खुंट्याला हात लावला, चार फेऱ्यांत खांदे भरून आले, आजीचा आवाज काय तुटत नव्हता. तेव्हा ही म्हणाली, मला पोरगी झाली की ओवी. मी म्हटलं, आधी दहावी तर पास हो.

मग मला आधी पोरगी झाली. बेळगावात नाव ठेवायचं म्हणजे मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्हीकडं नीट बसाय पाहिजे, माझंच नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं हाय, त्यापायी किती खेपा घातल्यात ते मलाच माहीत. ओवी कसं सुटसुटीत. मला आपलं आपणच सुचलं असं वाटलं. खरंच वाटलं, शप्पथ.

बारशाला नणंदेनं कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, घुगऱ्या वाटताना वळून बघतोय तर हिची खुर्ची मोकळी. तिनं आणलेलं झबलं आणि कुंदा मिठाईचा बॉक्स तेवढा पाळण्याखाली. चौथा महिना होता तिला तेव्हा.

जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून कोरीच हाय. वर्षाच्या आत नाव घातलं तर पैसे पडत नाहीत, म्हणून नवरा रोज मागं लागलाय, अर्ज मी त्या झबल्याखालीच ठेवलाय. मगाशी पोरीला दुसऱ्याच नावानं हाक मारून बघितली, पंख्याकडंच बघत बसली. ओवी म्हटलं, लगेच मान वळवली.

मेसेजला काय उत्तर दिलं नाही. नवऱ्याला तेवढं सांगितलंय, शनिवारी येताना अर्धा किलो कुंदा आण.