टोपीत गरी

तिसऱ्या फेकीला गरी माझ्याच टोपीत. मालवणजवळच्या देवबागचा किनारा, दुपारचे चार, समोरून खारा वारा. हातात नऊ फुटी, आठ नंबरचा फ्लाय रॉड (पिसांची हलकी गरी फेकायची मासेमारीची काठी) आणि लाटेने पायाशी लोळवलेली दोरी घोट्याला गुंडाळलेली.

पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, घेऊन आलेले एक आजोबा बघत होते. गरीवरची पिसं त्यांनी बोटाने चाचपली. "मासो ह्यां खातलो?" मग हसून, "वाऱ्यावांगडा झगडा नको. फाटफटी ये, मतलय पाठीर असता."

दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई वारे. शाळेत पाठ करून मार्क मिळवलेत की मी! महिनाभर कास्टिंगचे, म्हणजे दोरी फेकण्याचे, व्हिडिओ बघितले, तेव्हा एकदाही आठवले नाहीत.

त्यांनी पाग एकदाच टाकला. चार बोय मासे.

उद्या पहाटे पुन्हा जातोय. दोरी गोळा करायला कमरेला टब बांधून. फार हसतील का हो?